इगतपुरीला जायचं तर असं जा

इगतपुरी म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक पावसाळी रिसॉर्ट, दुसरा फलाटावरचा वडापाव. दोन्हींत वावगं काही नाही, पण तेवढ्यावर गाव आटोपून परतणारे बरंच काही हातचं घालवून येतात. रेल्वेला सह्याद्री चढून आल्यावर जिथे दम घ्यावा लागला, तिथे हे गाव वाढलं. ज्या कड्याने इंजिनांना घाम फोडला, त्याच कड्याच्या आसपास त्रिंगलवाडीचा किल्ला, कळसूबाईचं शिखर, अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले आणि सांदण दरी आहे. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्यांदा जाल तेव्हा रेल्वेने जा आणि दिवसाला एकच मोठं काम ठेवा. घाट, किल्ला, शिखर, धबधबा आणि धरण दोन दिवसांत कोंबणाऱ्यांचा निम्मा वेळ जीपमध्ये जातो.

आधी महिना ठरवा

ठिकाण नंतर. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे जुलैत जे करता येतं ते जानेवारीत नाही, आणि जानेवारीतलं काही जुलैत करायला गेलात तर जिवावर बेतेल.

जून मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत धबधबे, भावली धरणाचा परिसर, घाटातलं धुकं आणि विहिगावचं वॉटरफॉल रॅपलिंग, म्हणजे धबधब्यातून दोरावर उतरणं. कळसूबाईला या दिवसांतही झुंबड असते, पण वर पोचल्यावर समोर पांढरा पडदा दिसतो, बाकी काही नाही. चिंब भिजत चढायचीच हौस असेल तर जा, दृश्यासाठी जाऊ नका. पावसाळ्यात गर्दीच्या धबधब्यांवर प्रशासन अधूनमधून बंदी घालतं. निघण्याच्या आदल्या दिवशी नाशिक आणि अहिल्यानगर या दोन्ही जिल्ह्यांच्या बातम्या बघा, कारण इगतपुरी नाशिकमध्ये आहे आणि कळसूबाईचं बारी गाव अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगरमध्ये.

सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, मला विचाराल तर वर्षातले सगळ्यात चांगले दिवस. पाऊस ओसरतो, सोनकीच्या फुलांनी पठारं पिवळी होतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी किल्ल्यांचा आणि सांदणचा काळ. मार्चनंतर ऊन भाजून काढतं, तेव्हा पहाटे चढून दहाच्या आत उतरायचं. मेअखेरीस मात्र रात्री भंडारदऱ्याकडे जाण्यात अर्थ आहे. पहिल्या सरींच्या आगेमागे तिथल्या झाडांवर काजवे लगडतात. काजवे बघायला गेलात तर गाडीचे दिवे आणि मोबाइलचा टॉर्च बंद ठेवा, आणि झाडाखाली पाय सांभाळून टाका. माद्या बऱ्याचदा जमिनीलगत असतात.

पोचायचं कसं

मुंबईहून इगतपुरी रेल्वेने सुमारे १३७ किलोमीटर. लोकल कसाऱ्यापर्यंतच धावते. पुढचा घाट चढायला मेल-एक्स्प्रेसच हवी, हे नव्याने जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही आणि ते कसाऱ्याला उतरून पुढच्या लोकलची चौकशी करत बसतात. सकाळी मुंबईहून सुटणारी तपोवन सोयीची. पंचवटी सकाळी मनमाड-नाशिककडून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत फिरते, त्यामुळे शुक्रवारी कामावरून सुटून थेट निघणाऱ्यांना ती बरी पडते. गाड्यांच्या वेळा आणि थांबे बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी रेल्वेच्या ॲपवर इगतपुरीचा थांबा आहे ना, हे बघून घ्या. शनिवार-रविवारचं आरक्षण आधीच करा. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

आरक्षण हुकलं तर कसारा लोकल आहेच. सीएसएमटीहून अडीच तासांच्या आसपास लागतात. स्टेशनबाहेर शेअर जीप उभ्या असतात, त्या इगतपुरी, घोटी आणि नाशिककडे जातात. शीट भरल्याशिवाय हलत नाहीत, भाडं बसण्याआधी विचारायचं. ट्रेकर मंडळींची जुनी रीत म्हणजे मध्यरात्रीनंतरची शेवटची कसारा पकडायची, डब्यात पाय पसरून झोपायचं आणि पहाटे आधीच ठरवलेल्या जीपने थेट बारी गाठायचं. रीत चांगली आहे, पण जीपवाल्याचा नंबर खिशात असेल तरच. पहाटे तीनला कसाऱ्याबाहेर पर्याय फार नसतात.

नाशिककरांना एसटी सोयीची. पुण्याहून रेल्वेचा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा नाशिक रस्त्याने सिन्नरपर्यंत येऊन घोटीकडे वळा. फक्त कळसूबाई करायचं असेल तर संगमनेर, अकोले, राजूरमार्गे बारी. मुंबईहून गाडीने येणाऱ्यांना जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला आहे. त्यात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि घाट कधी मागे पडला ते कळतही नाही. पण घाटच बघायला निघालेल्याने बोगद्यातून जाण्यात काय हशील? दुचाकीला समृद्धीवर मुळात परवानगी नाही. बाइकवाल्यांनी जुना कसारा घाटच धरावा.

घाट बघायची पद्धत

रेल्वेच्या नकाशावर कसारा घाटाचं नाव थळ घाट. मुंबईकडून येणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची लाइन १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला पोचली. त्याच महिन्यात वर इगतपुरी ते लासलगाव गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र अर्धवट होता. तो १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. म्हणजे चार वर्षं खालीही रेल्वे, वरही रेल्वे, आणि मधला चढ रस्त्याने पार करायचा. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याला हा घाट पूर्ण झालेला बघायला मिळाला नाही, तो १८६२ मध्ये वारला. बोगदे फोडणारे आणि पुलांचे दगड वाहणारे हजारो मजूर तर नावानिशी कुठे नोंदलेलेही नाहीत.

चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण २२ डब्यांची गाडी सगळीच्या सगळी या चढावर असेल तेव्हा तिचा पहिला डबा शेवटच्या डब्यापेक्षा चौदा मीटर, म्हणजे चार-साडेचार मजले उंचावर असतो. एकट्या इंजिनाला हे ओढवत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला बँकर लावतात. बँकर म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं.

हा प्रकार नीट बघायचा असेल तर शेवटच्या दोन-तीन डब्यांत जागा घ्या. कसाऱ्याला गाडी थांबली की खालच्या बाजूने इंजिनांची जोडी सावकाश येते. गार्डच्या डब्याला टेकताना एक धक्का बसतो आणि तो पुढच्या डब्यांतून सरकत गेलेला जाणवतो. कपलिंग झालं, ब्रेकच्या हवेच्या नळ्या जोडल्या, शिट्ट्यांची देवाणघेवाण झाली, की गाडी मागून ढकलल्यासारखी सुटते. एरवी डब्यात इंजिनाचा आवाज पुढून येतो, इथे तो पाठीमागून येतो. इगतपुरीला हीच इंजिनं सुटी होऊन पुन्हा खाली जातात. गंमत म्हणजे मध्य रेल्वेत मुंबईपासून लांब जाणारी गाडी ‘डाऊन’ असते, त्यामुळे घाट चढणारी गाडी डाऊन आणि उतरणारी अप.

सगळ्याच गाड्यांना बँकर लागत नाही. मुंबईहून निजामुद्दीनला जाणारी राजधानी पुढे-मागे एकेक इंजिन घेऊन येते, आणि शिर्डीच्या वंदे भारतला तर डब्यांखालीच मोटारी आहेत. त्या सुळकन निघून जातात. वेळ वाचतो, पण बघणाऱ्याची निराशा होते.

वाटेत एहेगावचा पूल लागतो. पावणेदोनशे फुटांहून उंच. गाडीतून तो दिसत नाही, फक्त खिडकीखालची जमीन अचानक नाहीशी होते. तेवढ्यासाठी दारात लटकू नका, बोगद्याच्या भिंती फार जवळून जातात.

बाहेरून घाट बघायचा तर इगतपुरीहून रिक्षाने मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या घाटनदेवीला जा. घाटमाथ्यावरची ही देवी, येणारा-जाणारा ट्रकवाला हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. दर्शन करून दरीच्या अंगाला उभे राहा, धुकं नसेल तर कड्याच्या अंगाने जाणारी रेल्वे दिसते. थोडं खाली उंटदरी आहे, तिथे पावसात पाणी कोसळताना दिसतं. रुळांवर उतरून फोटो काढायचा मोह होतो, तो आवरा. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कायदा राहू द्या, घाटातल्या वळणावर उतारावरून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

गावातही रेल्वेच्या खुणा आहेत. कसाऱ्याच्या बाजूला पूर्वी डीसी वीज होती आणि इगतपुरीपुढे एसी, म्हणून प्रत्येक गाडीचं इंजिन इथे बदलायचं. त्या थांब्यावर फलाटावरच्या वडापावाचा धंदा पोसला गेला. इंजिनबदल बंद झाला, तरी वडा टिकून आहे. रेल्वे कॉलनीतून सकाळी एक फेरी मारा, उंच कौलारू छपरांची जुनी घरं दिसतील. माणसं राहतात तिथे, त्यांच्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरू नका.

मुक्काम

तीन प्रकार आहेत. स्टेशनजवळची साधी लॉज, महामार्ग आणि धरणांकडेची रिसॉर्ट, आणि बारी-भंडारदरा भागात गावकऱ्यांच्या घरची सोय. रिसॉर्ट कुटुंबासाठी ठीक, पण गाडी नसेल तर तिथे अडकून पडाल. दोन रात्री असतील तर पहिली स्टेशनजवळ काढा आणि दुसरी बारीत. बारीत जेवणासकट राहायची व्यवस्था होते. पिठलं-भाकरी, ठेचा, भात, एवढंच असतं आणि पुरतं. किती जण आहात ते दुपारीच कळवा, ऐन वेळी दहा जणांच्या भाकऱ्या थापायला कुणालाच जमत नाही.

धम्मगिरीबद्दल दोन शब्द. सत्यनारायण गोएंकांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं हे विपश्यना केंद्र इगतपुरीचीच ओळख झालं आहे. पण ते मुक्कामाचं ठिकाण नव्हे. दहा दिवसांचं शिबिर असतं, आधी नोंदणी लागते, मौन पाळायचं असतं, फोन जमा करावा लागतो. ट्रेकला जोडून दोन तास उरकायची ही गोष्ट नाही.

पहिला दिवस: त्रिंगलवाडी

पहिल्याच दिवशी कळसूबाईवर झेप घेऊ नका. गावापासून सात-आठ किलोमीटरवर त्रिंगलवाडी आहे, रिक्षा किंवा जीप मिळते. परतीची वेळ ठरवून चालकाचा नंबर घ्या, तिथून सहज वाहन मिळेल या भरवशावर राहू नका.

गावातून पायथ्याशी गेलं की आधी लेणं लागतं. जैन लेणं आहे. बाहेरच्या खांबांवरचं आणि दारावरचं नक्षीकाम झिजलं आहे, तरी आत गाभाऱ्यात ऋषभदेवाची मूर्ती आहे आणि तिथल्या लेखात शके १२६६, म्हणजे इसवी सन १३४४ हा काळ येतो. बहुतेक मंडळी फोटो काढून दोन मिनिटांत पुढे सरकतात. तुम्ही आत थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरा. झिजलेली अक्षरं आणि कोरीव काम सावलीमुळे वर उठून दिसतं.

लेण्यापासून वर जायला पाऊण ते एक तास. शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, आणि दरवाजाही कातळातच कोरलेला. त्याच्याजवळ पुरुषभर उंचीचा मारुती आहे. पावसात या पायऱ्या शेवाळतात, उतरताना उभ्याने ऐट दाखवण्यापेक्षा बसून उतरलेलं बरं. माथ्यावर टाकं आहे, पण पिण्याचं पाणी खालून न्या. हवा स्वच्छ असेल तर कळसूबाईची अख्खी रांग समोर दिसते. उद्या कुठे जायचंय ते आज बघून घ्या. थळ घाटाच्या जुन्या व्यापारी वाटेवर नजर ठेवायला हे किल्ले होते. रेल्वेने पुढे जवळपास तीच वाट धरली. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर या भागातले किल्ले एकापाठोपाठ एक इंग्रजांच्या हाती गेले, त्यात हाही होता.

दुसरा दिवस: कळसूबाई

१,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. इगतपुरीहून घोटी, तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी. घोटीहून राजूर-अकोलेकडे जाणाऱ्या एसटी बारीवरून जातात. पण पहाटे चढायचं तर आदल्या रात्री बारीतच असायला हवं.

पाचला उठा, साडेपाचला निघा. रमतगमत चढायला तीन ते चार तास, उतरायला अडीच-तीन. गाव ओलांडलं की शेतं, ओढा, मग सरळ चढ. वाटेत कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शिड्या मजबूत आहेत, अडचण गर्दीची असते. शनिवार-रविवारी नऊनंतर शिडीखाली चढणाऱ्यांची रांग आणि वर उतरणाऱ्यांची रांग, मध्ये एकच वाट. म्हणून लवकर निघायचं. शिडीवर तोंड कायम पायरीकडे ठेवा, उतरतानाही. हात मोकळे हवेत, मोबाइल खिशात आणि काठी सॅकला अडकवलेली. लहान मुलाच्या खालच्या पायरीवर मोठ्या माणसाने राहायचं.

वाटेत जागोजागी ताक, लिंबू सरबत, कांदाभजी मिळतात. गावातल्या बायका-माणसं हे सगळं डोक्यावरून वर नेतात, त्यामुळे घासाघीस करायची नाही आणि सुटे पैसे न्यायचे. तरीही माणशी दोन-तीन लिटर पाणी स्वतःचं ठेवा. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे, नवरात्रात इथे मोठी गर्दी होते. देवळाभोवतीची जागा पाच-पन्नास माणसांत भरून जाते. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे, खाली भंडारदऱ्याचा जलाशय, दक्षिणेला रतनगड आणि त्यापलीकडे हरिश्चंद्रगड. वारा जोराचा असतो, घामेजलेल्या अंगावर जॅकेट लगेच चढवा.

हा सगळा भाग अभयारण्यात येतो. प्लॅस्टिक खाली आणायचं, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

दोर लागणाऱ्या गोष्टी

विहिगावचा धबधबा कसाऱ्याहून जव्हार रस्त्याने गेल्यावर लागतो, काही जण त्याला अशोका धबधबाही म्हणतात. पावसाळ्यात तिथे शंभर-सव्वाशे फुटांचं रॅपलिंग चालतं. पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का (राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात ती बंधनकारक आहे), उतरणाऱ्याला मुख्य दोराखेरीज वेगळा सुरक्षा दोर असतो का, हेल्मेट प्रत्येकाला आहे का, आणि पाणी वाढलं तर थांबायचा निर्णय कोण घेतं. शेवटच्या प्रश्नाला ‘तसं कधी होत नाही’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. धबधब्याचं पाणी गढूळ झालं, त्यातून काटक्या-पानं येऊ लागली, की वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असं समजून लगेच पात्राबाहेर पडायचं.

सांदण दरी साम्रद गावाजवळ आहे. दोन्ही बाजूंना उंच कातळ, मध्ये अरुंद घळ, काही ठिकाणी कमरेएवढं गार पाणी. वरच्या भागात थोडं आत जाऊन परत येता येतं, पूर्ण उतरायचं तर दोर आणि जाणकार माणूस हवाच. पावसाळ्यात अजिबात नाही. अवकाळीचा अंदाज असेल त्या दिवशीही नाही, कारण घळीत पाणी आलं तर बाजूला व्हायला जागाच नसते.

अलंग आणि मदन हे दोराशिवाय होत नाहीत. कुलंगला दोर लागत नाही, पण चढ इतका लांब आणि अंगावर येणारा आहे की कळसूबाई आरामात झालेल्यांनीच नाव काढावं. आंबेवाडीतून वाटाड्या घ्या. कारवीच्या रानात वाटा फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात.

सॅकमध्ये काय

पकड असलेले बूट, पावसाळ्यात जीन्स नको. रोख पैसे इगतपुरी किंवा घोटीतच काढून ठेवा. साम्रद, आंबेवाडीकडे नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी आणि मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा. टॉर्च, शिट्टी, ओआरएस, क्रेप बँडेज. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. काही झालंच तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक फिरवा. घोटीजवळ धामणगावला एसएमबीटीचं मोठं रुग्णालय आहे, पुढे नाशिक.

परतताना

कळसूबाई उतरून दुपारी घोटीत आलात तर भात गिरण्यांवर थांबा. हा तालुका भाताचा, आणि घोटी त्याची बाजारपेठ. इंद्रायणी इथूनच घ्या, पाच किलो तरी. यंदाचा आहे की जुना ते विचारून घ्या. नवा तांदूळ चिकट होतो, खिचडी-गुरगुट्याला चांगला. मोकळा भात हवा असेल तर जुना मागा.

इगतपुरीला घाट उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासतात, त्यामुळे थांबा थोडा रेंगाळतो. वडापाव घ्यायला तेवढा वेळ पुरतो. रविवारी संध्याकाळी मुंबईच्या गाड्या तुडुंब येतात. आरक्षण नसेल तर हट्ट न करता जीपने कसारा गाठा, तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते.